उभी राहिलेली पद्मिनी: घरी उघडायची की टोचन करून गॅरेजला?

चार-पाच वर्षं शेडमध्ये उभी असलेली प्रीमियर पद्मिनी सेल्फ मारून सुरू होत नाही, तेव्हा दोन सल्ले मिळतात: घरीच बघा, नाहीतर टोचन करून गॅरेजला न्या. माझा कल घरी बघण्याकडे आहे, पण इंजिन हाताने फिरत असेल तरच. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी आधी न्यूट्रलमध्ये ढकला. हललीच नाही तर ब्रेक चिकटलेत. हलली की टॉप गियर टाकून पुन्हा हळूच ढकला. पुढचा पंखा फिरला, म्हणजे इंजिन फिरलं, तर काम घरचं. अडला तर जोर लावू नका, गॅरेजच गाठा.

फिरणाऱ्या इंजिनाचं दुखणं बहुधा पेट्रोलचं, नाहीतर ठिणगीचं. आमच्या गाडीत दोन्ही होतं. कार्बोरेटर उघडला तर तळाशी काकवीसारखा चिकट थर, जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी) उजेडात धरला तरी भोक दिसेना. तिथे तार घालू नका, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. क्लीनर मारा, हवा मारा. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा, पण नळीने तोंडाने ओढून नव्हे. ऑइल बघायच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचीक पडदा, बहुधा फाटलाय. आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर तग धरत नाही, म्हणून डायफ्रॅम आणि पाइप नवेच घाला. प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटवर (उघडझाप करून ठिणगी पाडणारी धातूची टोकं) करडी साय धरते. बारीक पॉलिश पेपर फिरवला, कोरा कागद मधून ओढला, आणि आमची ठिणगी परत आली. या सगळ्याला दोन रविवार गेले.

गॅरेजमध्ये वेळ वाचतो, कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) मोजून मिळतं. पण नव्या गाड्यांच्या कॉम्प्युटर स्कॅनरवर शिकलेल्या मुलाला पॉइंटचा गॅप कळेलच असं नाही, आणि मूळ कार्बोरेटर फेकून दुसरा बसवला जाण्याची भीती मला जास्त वाटते. मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी २०२३ मध्ये गेली, तरी त्या टॅक्सींवर हात बसलेले फिटर अजून आहेत. असा माणूस मिळाला तर गाडी बिनधास्त सोपवा.

घरी इंजिन सुरू झालं तरी गाडी रस्त्यावर काढू नका. ब्रेकची सिलिंडरं बहुधा आतून गंजलेली असतात. तेवढ्यासाठी तिला टोचन करूनच न्या.