आधी पाणी की आधी माती? गावशिवार सुधारायला निघालेल्यांसाठी

विहिरी होळीलाच तळ गाठतात, जमीन कडक झालीय आणि खताची उधारी दरवर्षी वाढतेय. अशा गावातले दहा-वीस शेतकरी एकत्र येऊन निसर्गाला धरून शेती करायची म्हणतात, तेव्हा सुरुवात कुठून करायची यावरच पहिल्या बैठका अडतात. पाहण्यासारखे दोन नमुने आहेत: नगर तालुक्यातलं हिवरे बाजार आणि आंध्र प्रदेशातली सामुदायिक नैसर्गिक शेती.

हिवरे बाजारने पाण्यापासून सुरुवात केली. १९८९-९० मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, नंतर गाव राज्य सरकारच्या आदर्श गाव योजनेत आलं. डोंगरावर पाणी अडवून मुरवण्यासाठी उताराला आडवे समतल चर खोदले गेले. पण मला या गावाचं खरं काम चरांपेक्षा ग्रामसभेच्या नियमांत दिसतं. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा, माणसांचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्या पाण्यात बसेल तेवढंच पीक घ्यायचं. पाऊसमान चारशे मिलिमीटरच्या आसपास असलेल्या गावाने हे वर्षानुवर्षं पाळलं, याचं मोल फार मोठं आहे.

आंध्रने मातीपासून सुरुवात केली. २०१६ पासून राज्य सरकारच्या रयतू साधिकार संस्थेमार्फत, महिला बचत गटांना हाताशी धरून हे काम चाललंय. बीजामृत (बियाण्याला चोळायचं शेण-गोमूत्राचं मिश्रण), जीवामृत (जमिनीला द्यायचं शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण), घनजीवामृत (त्याचंच सुकवलेलं रूप), आच्छादन (पालापाचोळ्याने जमीन झाकणं) या गोष्टी आपल्याकडेही नव्या नाहीत. अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर त्या कधीपासून सांगत आलेत. आंध्रची खरी शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे पावसाआधीची धूळपेरणी. मातीचा आणि घनजीवामृताचा लेप दिलेलं अनेक पिकांचं मिश्र बी उन्हाळ्यातच कोरड्या रानात टाकतात. वळवाच्या सरींवर ते उगवतं, जमीन उघडी राहत नाही आणि जिवंत मुळं मातीला पोसत राहतात. शेतकऱ्याला शिकवायला शेजारच्याच गावातला, स्वतः करून पाहिलेला शेतकरी येतो. २०२४ मध्ये या कामाला पोर्तुगालमधल्या गुल्बेंकियन प्रतिष्ठानचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार इतरांसोबत विभागून मिळाला.

खर्चाचा हिशोब सोपा आहे. चर-बांधाला सरकारी योजना आणि श्रमदान लागतं. जीवामृताला शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि रोजची मेहनत. ही मेहनत बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला येते, म्हणून बैठकीला तिला बोलवा, निर्णयही तिला घेऊ द्या.

खरा फरक आहे तो किती जणांच्या होकारावर काम उभं राहतं याचा. हिवरे बाजारच्या वाटेला अख्खं गाव लागतं. दोघा-चौघांनी खोल बोअर मारले, की बाकीच्यांनी मुरवलेलं पाणी तेच उपसतात. आंध्रची वाट एक कुटुंब अर्ध्या एकरावरही धरू शकतं. तसंच धरावं. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात थांबवली, भाताचं उत्पादन कोसळलं आणि काही महिन्यांतच निर्णय फिरवावा लागला. एकेक तुकडा घेत पुढे जा.

विहिरी उन्हाळ्याआधीच आटत असतील आणि ग्रामसभा भरत असेल, तर मी पाण्याची वाट धरा म्हणेन. गावात दोन गट असतील, एकमत लांब असेल, तर थांबू नका. बचत गटातल्या पाच-सात घरांनी मातीपासून सुरू करावं.

फक्त एक अडचण लक्षात घ्या. आपल्याकडे रब्बी निघाली की शिवार मोकळं होतं आणि गुरं मोकाट सुटतात. उन्हाळ्यात उगवलेली हिरवळ ती चार दिवसांत फस्त करतील. म्हणजे मातीची वाट धरली तरी हिवरे बाजारचा एक नियम, चराईबंदीचा, उसना घ्यावाच लागतो, निदान तेवढ्या पट्ट्यापुरता. त्याबरोबर चाऱ्याची सोयही ठरवा, नाहीतर ज्याच्याकडे जनावरं आहेत पण रान नाही, त्याच्यावर अन्याय होईल. हा ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडा. १ मेपर्यंत थांबलात तर यंदाची धूळपेरणी हातची जाईल.