रुम्त्से ते कोरझोक : चांगपा पशुपालकांच्या मुलखातील पायी प्रवास आणि तो घडवणारी सेवा

लडाखच्या आग्नेयेस पसरलेल्या चांगथांग पठारावरून रुम्त्से ते कोरझोक असा पायी मार्ग जातो. रुम्त्से हे लेह-मनाली रस्त्यावरचे गाव आहे, तर कोरझोक त्सो मोरीरी सरोवराच्या काठी वसले आहे. या दोहोंच्या मध्ये त्सो कार हे खाऱ्या पाण्याचे सरोवर, पाच हजार मीटरच्या वरच्या अनेक खिंडी आणि चांगपा या भटक्या पशुपालकांची उन्हाळी कुरणे लागतात. पोळा आटोपल्यावर अचलपूर भागातील आम्ही काही जण लेह येथील एका संस्थेमार्फत हा मार्ग चाललो. आमच्यात शेतकरी होते, शिक्षक होते आणि पशुसंवर्धन खात्यात आयुष्य काढलेला मी होतो. संस्थेचे नाव येथे मुद्दाम देत नाही. कोणाची जाहिरात किंवा बदनामी करण्याचा हेतू नसून, अशी सेवा निवडताना नेमके काय पाहावे हे विदर्भाच्या खेड्यांतून जाऊ इच्छिणाऱ्यांना कळावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

प्रथम हंगामाविषयी. हा मार्ग साधारणपणे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालण्याजोगा असतो आणि नेमका हाच आपल्या खरिपाचा काळ असतो. पेरणी, डवरणी आणि निंदण यांतून शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते ती पोळ्याच्या सुमारास. तेथून सोयाबीन सोंगणीला येईपर्यंतचे दिवस या प्रवासासाठी योग्य ठरतात. मात्र त्या वेळी बकऱ्यांची पश्मिना लोकर विंचरण्याचे काम उरकलेले असते आणि रात्री पाणी गोठू लागते. ज्यांना लोकरीचे काम पाहायचे असेल त्यांना जून-जुलैतच जावे लागेल, आणि ते आपल्याकडे फक्त नोकरदारांना जमण्यासारखे आहे.

या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे उंचीबाबत घेतलेली काळजी. अचलपूर समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे आणि आपण ज्याला उंच म्हणतो ते चिखलदरा अकराशे मीटरच्या घरात. लेह साडेतीन हजार मीटरवर, रुम्त्से त्याहून बरेच वर आणि वाटेतल्या सर्वांत उंच खिंडी ५४०० मीटरच्या आसपास आहेत, जेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. विमानाने थेट लेहला उतरणाऱ्याच्या शरीराला हा फरक सहन होण्यास वेळ लागतो. संस्थेने आम्हाला लेहमध्ये पुरेशी विश्रांती दिल्याशिवाय हलू दिले नाही, रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या बोटाला यंत्र लावून रक्तातील प्राणवायू मोजला आणि आकडे वहीत टिपून ठेवले. एका सोबत्याचे डोके सायंकाळपासून दुखू लागले आणि त्याला जेवण जाईना, तेव्हा वाटाड्याने दुसऱ्या दिवशीची खिंड रद्द करून सर्वांना त्याच तळावर थांबवले. आमच्यातील काही जणांनी, आपण पुढे निघू, हा मागून घोड्यावर येईल, असे सुचवून पाहिले. परंतु ज्याचे डोके दुखते आहे त्याला घेऊन वर चढायचे नाही आणि त्रास वाढला तर खालीच उतरायचे, यावर तो ठाम राहिला. नोंदणी करण्यापूर्वी, असा जादा दिवस कार्यक्रमात धरलेला आहे काय, हे अवश्य विचारावे. ज्या संस्थेच्या कार्यक्रमात एकही मोकळा दिवस नाही, तिच्याकडे दर कमी असला तरी जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट सामान वाहणाऱ्या घोड्यांची. जनावराच्या पाठीवरून मालकाची पारख होते, असा माझा नोकरीतला अनुभव असल्याने निघण्यापूर्वीच मी घोडेवाल्याची परवानगी घेऊन खोगिराखालची घोंगडी उचलून पाहिली. एकाच घोड्याच्या मणक्याजवळ जुना व्रण होता, तोही कोरडा आणि केस उगवत आलेला. त्याच्यावर भार टाकला नव्हता, तो नुसता बरोबर चालत होता. तळावर पोचल्यावर ओझे उतरवून पाठ निवल्याखेरीज घोंगडी काढायची नाही हा नियम घोडेवाल्याने एकदाही मोडला नाही. घामेजलेल्या पाठीला बोचरा वारा एकदम लागू नये, एवढ्यासाठी हे करतात. या बाबतीत संस्थेला पूर्ण गुण द्यावे लागतील.

आता या प्रवासाच्या गाभ्याकडे येतो. चांगपांचा निवास याकच्या केसांपासून विणलेल्या काळ्या तंबूत असतो. त्याला रेबो म्हणतात. केसांच्या पट्ट्या विणून त्या एकमेकींना शिवलेल्या असतात, माथ्यावर धूर जाण्यासाठी उघडी फट ठेवतात आणि मध्यभागी चूल असते, जिच्यात शेण आणि लेंड्या जाळतात, कारण त्या उंचीवर झाड नावाची वस्तूच नाही. मी सर्वांत अधिक वेळ पाहत राहिलो ते संध्याकाळचे दोहन. कुरणावरून परतलेल्या बकऱ्यांना बायका समोरासमोर दोन रांगांत उभ्या करतात, एका रांगेतील बकरीची मान समोरच्या दोघींच्या मानांमध्ये अडकवत जातात आणि एकच दोर सर्व मानांभोवती फिरवून घेतात. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफावीत तशी ती रांग दिसते. मग बायका मागच्या बाजूने बसत एकेक बकरी पिळत पुढे सरकतात. धार काढून झाली की दोराचे टोक ओढतात आणि सारा कळप एकदम मोकळा होतो. शेकडो बकऱ्यांसाठी ना खुंटा, ना वेगळी दावण! इतकी सुटसुटीत पद्धत मी आपल्याकडे काठेवाडी किंवा धनगर बिऱ्हाडांवरही पाहिली नव्हती.

दोहन झाल्यावर घरच्या वडीलधाऱ्या बाईने पोत्यातून मूठभर पश्मिना काढून माझ्या तळहातावर ठेवली. बकरीच्या वरच्या राठ केसांखाली थंडीसाठी उगवणारी ही आतली लोकर आहे. तिच्या तंतूची जाडी १२ ते १५ मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या पाचव्या हिश्शाइतकी, आणि एका बकरीपासून वर्षाला ती पाव किलोच्या आसपास मिळते. उणे तीस अंशांखाली जाणाऱ्या हिवाळ्यात जनावरे राखून एवढेसे उत्पन्न काढायचे आणि मुलांना शाळेसाठी दूर ठेवायचे, हे सोपे नाही. पुगा येथे भटक्यांच्या मुलांसाठी निवासी शाळा आहे. खारनाक भागातील अनेक कुटुंबे तर कळप सोडून लेहजवळ स्थायिक झाली आहेत. आमच्यातील शिक्षकांनी याविषयी पुष्कळ प्रश्न विचारले आणि वाटाड्याने लडाखी व हिंदी अशा दोन्ही भाषांत मध्यस्थी करून संभाषण उत्तम चालवले.

मात्र माझी मुख्य तक्रारही येथूनच सुरू होते. ही भेट कार्यक्रमपत्रिकेत ‘भटक्यांच्या तंबूला भेट’ अशी ठळकपणे छापलेली होती, परंतु ज्यांच्या तंबूत जायचे त्यांना आगाऊ कळवलेले नव्हते. ऐन धारेच्या वेळी आमचा एवढा मोठा घोळका जाऊन उभा राहिला, बकऱ्या बुजल्या आणि घरच्या मुलीला काम सोडून आमच्यासाठी लोणी-मिठाचा चहा करावा लागला. त्यांनी आदरातिथ्यात कसूर केली नाही, तरी यजमानांना अडचणीत टाकणारी ही रीत योग्य नव्हे. आपल्याकडे रब्बीचे पीक निघाल्यावर शेतकरी मेंढ्या शेतात बसवून घेतो, तेव्हा किती रात्री, किती धान्य किंवा किती पैसे, हे आधी ठरते आणि ठरल्याप्रमाणे दिले जाते. मेंढपाळाच्या बिऱ्हाडात कोणी न सांगता शिरत नाही. तीच मर्यादा येथे का पाळली जाऊ नये? आम्ही भरलेल्या रकमेपैकी या कुटुंबाला काही मिळते काय, असे मी विचारले असता सरळ उत्तर मिळाले नाही. शेवटी आम्ही आपापसांत वर्गणी करून सुकवलेले चीज त्यांनी सांगितलेल्या भावाने विकत घेतले.

जेवणाबाबतही हेच म्हणावे लागेल. स्वयंपाकी कष्टाळू होता आणि अन्न दोन्ही वेळा गरम मिळत असे. पण ज्या मुलखात दही, लोणी आणि चीज दारात तयार होते, तेथे डबाबंद भाज्या आणि शेवयांची पाकिटे उघडली जात होती. हे पदार्थ चांगपांकडून विकत घेतले तर प्रवाशांचे पोट भरेल आणि यजमानांच्या हाती पैसाही पडेल. भाजलेल्या जवाचे पीठ चहात मळून खातात, ते आपल्या सातूच्या जवळचे असल्याने आमच्यापैकी बहुतेकांना रुचले.

तंबू मजबूत होते, झोपण्याच्या पिशव्या मात्र त्या थंडीला अपुऱ्या पडल्या; स्वतःची घोंगडी सोबत न्यावी. परवाने संस्थेनेच काढून दिले. एका तळावर शौचाचा खड्डा ओढ्याच्या अगदी जवळ खणला होता, आणि त्याच ओढ्यावर खाली कळप पाणी पीत होते. ही बाब लक्षात आणून दिल्यावर तो तत्काळ बुजवून दूर हलवण्यात आला, हे नमूद केले पाहिजे. त्सो मोरीरी २००२ पासून आणि त्सो कार २०२० पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. काळ्या मानेचे क्रौंच तेथे वीण करतात, क्यांग ही रानगाढवे काठावर चरतात. अशा पाणथळीच्या परिसरात तळाची जागा ठरवताना सांगावे लागू नये.

परतल्यावर आम्ही संस्थेला पत्र पाठवून दोन मागण्या कळवल्या आहेत. यजमान कुटुंबाला आदल्या दिवशी निरोप देऊन त्यांच्या सोयीची वेळ घ्यावी, आणि त्यांचा वाटा दरपत्रकात वेगळा दाखवून प्रवाशांसमोर त्यांच्या हाती द्यावा. पुढील वर्षी परतवाडा व चांदूर बाजार भागातील आणखी काही मंडळी निघण्याच्या विचारात आहेत. त्यांनी आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात, आणि नकार आल्यास दुसरी संस्था शोधावी.