अपडेट मारलं आणि एमपी4 च गायब (3 स्टार, परत कसं आणलं ते पण लिहितोय)

कटिंग, कलर, ऑडिओ सिंक ह्याला आजही पैकीच्या पैकी. चार वर्षं लग्नाच्या व्हिडिओची सगळी कामं ह्याच एडिटिंग सॉफ्टवेअरवर करतोय. दोन स्टार कापले ते फक्त मागच्या अपडेटमुळे.

झालं असं की रात्री अपडेट मारलं आणि सकाळी 40 मिनिटांची फिल्म एक्सपोर्टला लावायला गेलो तर लिस्टमधे एच.264 नाही, एच.265 नाही (एमपी4 ह्यातच काढतो), मी बनवलेले प्रीसेट, म्हणजे सेव्ह केलेली सेटिंग्ज, पण नाहीत, उरलं काय तर एमओव्हीमधे डीएनएक्सएचडी, म्हणजे एडिटिंगसाठीचा जड फॉरमॅट. एरर नाही, मेसेज नाही. आणि संध्याकाळी पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, पेनड्राईव्ह द्यायचा होता. लोक घरातले जुने पेनड्राईव्ह आणून देतात, फॅट32 ह्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेले, त्यावर 4 जीबीच्या वरची फाईल जातच नाही, म्हणून माझा खास 12 एमबीपीएसचा (सेकंदाला 12 मेगाबिट) प्रीसेट आहे, 40 मिनिटं साधारण 3.6 जीबीत बसतात. डीएनएक्सएचडी 185 ला (185 एमबीपीएस) तीच फिल्म 55 जीबी!

त्या दिवशी हँडब्रेकने अब्रू राखली. व्हिडिओचा फॉरमॅट बदलायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, सगळ्यांनी टाकून ठेवा. 55 जीबीची फाईल काढली, हँडब्रेकमधे एच.264 आणि ॲव्हरेज बिटरेट 12000 लावून एमपी4 केली, टीव्हीवर लावून बघितली, फरक जाणवला नाही. पण रेंडर दोनदा, दिवस गेला त्यात.

खरं कारण दुसऱ्या दिवशी कळलं. नव्या व्हर्जनला ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर लागतो, माझा जुना होता, आणि कार्डातला एन्कोडर (व्हिडिओ एच.264, एच.265 मधे बदलणारा भाग) सापडला नाही की हे सॉफ्टवेअर ते ऑप्शनच लपवून टाकतं. एनव्हिडियाच्या साईटवरून स्टुडिओ ड्रायव्हर घेतला, टाकताना क्लीन इन्स्टॉलला टिक केली, रीस्टार्ट मारला, दोन्ही फॉरमॅट जागेवर. प्रीसेट उडाले नव्हतेच, नव्या व्हर्जनने स्वतःचं वेगळं फोल्डर केलं होतं आणि माझे सगळे जुन्यात पडून होते, कॉपी करून नव्यात टाकले. हेल्पलाईनवाले मात्र सरळ सगळं अनइन्स्टॉल करून फोल्डर पण डिलीट करा म्हणत होते, ते ऐकलं असतं तर चार वर्षांचे प्रीसेट गेले असते, त्यामुळे आधी ते फोल्डर दुसरीकडे कॉपी करा मग काय ते करा.

ऑप्शन लपवायचे कशाला? फिकट करून दाखवा आणि खाली एक ओळ लिहा की ड्रायव्हर जुना आहे, एवढं केलं असतं तर माझं काम दहा मिनिटांत झालं असतं. एवढ्या एका ओळीसाठी मी हा रिव्ह्यू लिहितोय.

अजून एक, जुन्या व्हर्जनवर परत जाऊ म्हटलं तर नव्यात सेव्ह झालेला प्रोजेक्ट जुन्यात उघडेना. आता अपडेटच्या आधी प्रोजेक्टची कॉपी आणि जुना इन्स्टॉलर दोन्ही हार्डडिस्कवर ठेवतो आणि तुळशीचं लग्न झाल्यापासून लग्नसराई संपेपर्यंत ऑटो अपडेट बंद.