'द हिल्स हॅव आइज': १९७७ चा की २००६ चा?

दोन्ही भयपटांची गोष्ट एकच: वाळवंटात अडकलेलं कुटुंब आणि त्याच्यावर तुटून पडणारी नरभक्षक टोळी. वेस क्रेव्हनचा १९७७ चा मूळ सिनेमा अमेरिकेतल्या मोहावीच्या वाळवंटात, तुटपुंज्या पैशांत काढलेला. चित्र खरबरीत, रंगभूषा जेमतेम. पण टोळीतल्या मायकल बेरीमनचा नुसता चेहराच पुरतो. अलेक्झांडर आजाचा २००६ चा रिमेक घडतो न्यू मेक्सिकोत, चित्रीकरण मात्र मोरोक्कोत! त्याची खरी कमाई म्हणजे अणुचाचण्यांच्या काळातलं ओसाड गाव: घराघरांत मांडून ठेवलेले पुतळे आणि त्यांच्यामधून बेसबॉलची बॅट घेऊन बिचकत चाललेला जावई डग. टोळी अशी का झाली, याचं उत्तर इथे थेट सरकारच्या दारात जातं. रक्तपात मात्र अति. कुटुंबाच्या ट्रेलरमधला, म्हणजे गाडीमागे जोडलेल्या फिरत्या घरातला, प्रसंग तर बघवत नाही. शेवट जुन्याचाच झोंबतो: डग वार करतच राहतो आणि पडदा लाल होतो. तरी एकच बघायचा असेल, तर त्या पुतळ्यांसाठी मी नवाच लावेन.