वॉटरप्रूफ बूट, अकरा महिने: सोल गेला, पण राग लेसवरच

सोल सुटला म्हणून लिहायला बसलोय. पण सोलचं नंतर. आधी लेस.

या बुटांबरोबर गोल, गुळगुळीत, नायलॉनच्या लेस येतात. त्या ज्याने कोणी पास केल्या त्याला बारी गावातून कळसूबाईला चढवावं आणि दर वीस पावलांनी वाकायला लावावं. बाकी घोट्याला आधार किती, वजन किती, सोल कसला, हे तुम्ही जाहिरातीत वाचलं असेलच. त्यात खोटं काही नाही. जानेवारीच्या सेलमध्ये ४,२९९ ला घेतले. खोडलेली किंमत ७,९९९ होती, ती आजवर कोणी भरली असेल असं वाटत नाही. तरी माझ्या खिशाला हे महागच. याआधीचे सगळे बूट हजार-बाराशेच्या आतले. गडावर अ‍ॅक्शनचे बूट की केचुआचे हा वाद निघाला की मी अ‍ॅक्शनच्या बाजूने घसा कोरडा करणार. (हे बूट दोन्हींपैकी नाहीत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल.) पायात नवे बूट बघून माझ्या ट्रेकच्या जोडीदाराने, पक्याने, पहिला प्रश्न विचारला, "काय रे, लग्न ठरलं का?"

फेब्रुवारीत पाचनईकडून हरिश्चंद्रगड केला. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. कोकणकड्यापर्यंत जाऊन परत आलो, एक फोड नाही. उतारावर अंगठा पुढे आपटत नाही. लेस तीनदा सुटली, पण म्हटलं नव्या आहेत, रुळतील.

मग मे महिना आला.

पक्या आणि मी भंडारदऱ्याला गेलो ते काजवे बघायला. उन्हाळ्याची सुट्टी, हातात चार दिवस, रतनगड, सांदण दरी, कळसूबाई असा भरगच्च बेत. २४ मेच्या शनिवारी कसाऱ्याची लोकल, पुढे काळी-पिवळी जीप, आणि घोटी सोडल्यापासून वायपर बंद करायची वेळच आली नाही. यंदा, म्हणजे २०२५ ला, आठवतंय ना, मान्सून त्याच शनिवारी केरळात शिरला आणि सोमवारी मुंबईत. ११ जूनला यायचा तो २६ मेला हजर. आम्ही टोप्या आणि सनस्क्रीन घेऊन गेलो होतो. छत्री एकच, तीही पक्याच्या आईने जबरदस्तीने दिलेली. सांदण दरी पहिल्याच रात्री रद्द केली. त्या घळीत पावसात उतरायचं नसतं. रतनगडही सोडला. काजवे मोजून अकरा दिसले. पक्याच्या मते नऊच, दोन मोबाईलचे टॉर्च होते.

रविवारी कळसूबाई. १६४६ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच माथा, आणि आम्हाला वरून दहा फुटांवरचं देऊळ सोडून काहीही दिसलं नाही. अलंग, मदन, कुलंग हे गड कुठल्या दिशेला आहेत ते पक्या ढगाकडे बोट करून सांगत होता. ते असो.

बुटांचं खरं रूप इथे कळलं. वॉटरप्रूफ म्हणजे पाणी आत जात नाही. मान्य. डबक्यात पाय घातला, मोजा कोरडा. वाटेचा ओढा झाला तरी पहिला अर्धा तास मोजा कोरडा. मी पक्याला दोनदा बोलून दाखवलं. त्याच्या पायात डोंबिवली स्टेशनबाहेरचे साडेआठशेचे जाळीचे बूट, पहिल्या पाच मिनिटांत पचपच. पण पाऊस फक्त खालून येत नाही. डोक्यावर पडतो, पँटवरून ओघळतो, पोटरीवरून मोज्यात आणि मोज्यातून बुटात उतरतो. एकदा आत गेलेलं पाणी बाहेर पडायला जागाच नाही, कारण बूट वॉटरप्रूफ आहे! पाणी अडवणाऱ्या आतल्या पडद्यातून घामाची वाफ बाहेर जाते म्हणतात. जात असेल, बाहेरची हवा कोरडी असेल तर. ढगातच उभं राहिल्यावर वाफ जाणार कुठे? दुसऱ्या शिडीपाशी मी बूट काढून उलटा केला. लिंबूसरबतवाल्याने कापडाखाली झाकून ठेवलेले काचेचे ग्लास शेजारीच होते, म्हणून अंदाज सांगू शकतो: एका बुटातून पाऊण ग्लास. पक्याच्या बुटात पाणी येत होतं तसं जातही होतं. माझी चार हजारांची बादली झाली होती.

तर त्या दिवशीचं मत: सह्याद्रीच्या पावसासाठी वॉटरप्रूफ बूट घेऊ नका. युरोपात रिमझिम पडत असेल, तिथे ठीक. या मताला पुढे फाटा फुटतो, वाचत राहा.

आणि लेस. कोरडी असली की आपोआप सुटते. म्हणून दुहेरी गाठ मारली. ओली झाली की तीच गाठ दगड होते, मग देवाचा बाप आला तरी सुटत नाही. पक्या म्हणाला, गाठच उलटी मारतोस, फास आडवा बसायला पाहिजे, तुझा उभा बसतो. हे खरं निघालं. दुसरा फेरा उलट बाजूने घेतला की गाठ जरा जास्त टिकते. पण चाळिशीला आलेल्या माणसाने चार हजार मोजून गाठ मारायला नव्याने शिकायचं का?

सोमवारी डोंगर बंद, नुसतं भटकणं. १९२६ साली पुरं झालेलं विल्सन धरण बाहेरूनच पाहिलं, रंधा धबधबा पाहिला, मग रतनवाडीला अमृतेश्वर. देवळाबाहेर बूट काढायचे आणि गाठ सुटेना. नखं लावली, दात लावायचे बाकी होते. पक्या दर्शन घेऊन, बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम निवांत बघून, पुष्करणीलाही चक्कर मारून आला. मी पायरीवर ओला बसलेलो. शेजारी एक आजी प्लास्टिकच्या कागदाखाली करवंदं घेऊन बसल्या होत्या. बराच वेळ बघत होत्या. शेवटी बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून म्हणाल्या, "पाय इकडं कर." कमरेत वाकून, पिनेचं टोक गाठीत खुपसून, एकेक पीळ उचलत त्यांनी दोन मिनिटांत दोन्ही बूट सोडवले. पिन पुसून बांगडीला परत लावली. मी दोन द्रोण करवंदं घेतली. दुसरं काय करणार? आजींच्या वयाची बाई माझ्या बुटाला हात लावते, ही लाज त्या लेसवाल्याच्या खात्यावर.

घरी येताच चपट्या, सुती लेस घेतल्या. २० रुपये जोडी. जूनपासून एकदाही सुटल्या नाहीत. नायलॉनच्या फेकाव्यात असं मनात होतं, पण फेकायला हात होत नाही. सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात पडून राहिल्या.

आता सोल. ऑगस्टमध्ये लोहगड, रविवारची जत्रा, पायऱ्यांवर मुंगीला जागा नाही. उतरताना डाव्या बुटाचा सोल पुढून सुटला आणि दर पावलाला मगरीच्या जबड्यासारखा उघडायला लागला. मागची पब्लिक ढकलतेय. पक्याने सॅकमध्ये हात घातला आणि तीच नायलॉनची लेस काढली. बुटाभोवती चार वेढे, घट्ट गाठ. ओली असल्याने अर्थातच सुटली नाही. भाजे गावापर्यंत नीट उतरलो. इथे लेसबद्दलचं मत थोडं सुधारतो: बूट बांधायला नालायक, सोल बांधायला उत्तम.

मग सर्व्हिसवाल्यांशी दोन आठवडे. फोटो पाठवा, बिल पाठवा, तळव्याचा फोटो वेगळा पाठवा, आतल्या पट्टीवरचा नंबर पाठवा. वॉरंटी सहा महिने, बूट सात महिन्यांचा. मी म्हटलं, त्यातले तीन महिने तर कपाटातच होते. पलीकडच्या मुलीने अगदी शांतपणे विचारलं, "सर, प्रॉडक्ट कधी हीटजवळ वाळवलं होतं का?"

मी गप्प.

कारण कळसूबाईहून उतरल्यावर रात्री बूट चुलीजवळ ठेवले होते. मुक्कामाच्या घरातल्या काकू म्हणाल्याही होत्या, "भाऊ, इतकं जवळ नका ठेवू, करपतील." मला सकाळी कोरडे हवे होते. सोल नुसता चिकटवलेला असतो, गरमीने डिंक मऊ पडतो, हे मला आता माहीत आहे. तेव्हा पिठलं-भाकरीत लक्ष होतं. त्यामुळे नाव लिहीत नाही. चूक अर्धी माझी. लेसची मात्र पूर्ण त्यांची.

त्यांनी पुढच्या खरेदीवर २० टक्के सूट असं कूपन पाठवलं. मी स्टेशनच्या पुलाखालच्या मोच्याकडे गेलो. त्याने सोल वाकवून पाहिला, हसला, म्हणाला, "नुसतं सुलोचन लावून भागणार नाही, शिलाई मारतो." (सुलोचन म्हणजे चिकटवायचं सोल्युशन.) दोन्ही बुटांना कडेने जाड मेणदोऱ्याची शिलाई, १२० रुपये. अर्धा तास लागला. आरीने भोकं पाडताना आतला तो महागडा पडदाही फाटत होता, मला आवाज ऐकू येत होता.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी राजमाची केला, पुन्हा झोडपून पाऊस. वॉटरप्रूफपणा संपलेला, पाचव्या मिनिटाला मोजा ओला. पण बादली होत नाही! शिलाईच्या भोकांतून पाणी झिरपून जातं. चालताना कडेने बुडबुडे येतात ते बघायला मजा येते. गडाखालच्या उधेवाडीत बूट उलटा केला तर चमचाभरही पडलं नाही. पकड तर पहिल्यापासून चांगलीच, शेवाळलेल्या कातळावर पक्या दोनदा बसला, मी नाही. चटके बसत नाहीत, घोटा मुरगळत नाही. म्हणजे बूट ४,२९९ चा, तो कामाचा केला १२० च्या मोच्याने आणि २० च्या लेसने.

थंडीत कोरड्या वाटांना जोरात चालले आहेत. ज्यांना पावसात जायचंच नाही त्यांनी डोळे मिटून घ्या, सेलमध्ये. पावसात जाणाऱ्यांनी जाळीचे घ्या, किंवा हे घेऊन आधी मोच्याकडे जा. चूल टाळा. लेस दुकानातच बदलून मागा, देणार नाहीत, तरी मागा.

कूपन ३१ डिसेंबरला संपतंय. पक्या मागतोय. म्हणतो, मला ते बूट घ्यायचेत, फक्त लेस तू ठेव.