जिमनीला २१५ चे एटी टायर आणि अलॉय, अकरा महिन्यांनंतर (एका चावीपायी लिहितोय)

गाडीचे स्पेक तुम्हाला पाठ असतील, त्यात जात नाही. माझी जिमनी (मारुतीची फोर-बाय-फोर) झेटा, मॅन्युअल, खालचं मॉडेल, म्हणजे कंपनीकडून लोखंडी डिस्क. शेजारच्या गल्लीत एकाची अल्फा, वरचं मॉडेल, उभी असते, अलॉयवाली, रोज सकाळी ती बघून बघून शेवटी मागच्या जूनमध्ये पहिल्या पावसाच्या आत मी पण खर्चाला लागलो. ओरिजिनल १९५/८० आर १५ (१९५ मिमी रुंद, बगलेची उंची रुंदीच्या ८० टक्के, १५ इंची रिम) काढून २१५/७५ आर १५ चे चार एटी (ऑल-टेरेन, रस्ता-रान दोन्हीला चालणारे) टायर, ८,६०० ला एक, आणि काळे अलॉय चारचे ३२,०००. पाचवं चाक नाही घेतलं. दुकानदार म्हणाला, "मालक, स्टेपनी काय रोज लागते का?" आणि मला नेमकं तेच ऐकायचं होतं, १६,६०० वाचत होते ना.

साईज मात्र मी चुकीची निवडलेली नाही, हे आधी सांगतो. १९५/८० ची उंची ६९३ मिमी होते, २१५/७५ ची ७०३ च्या आसपास, म्हणजे दीड टक्का फरक. मीटर १०० दाखवतो तेव्हा चाकं आधीपेक्षा दीड किलोमीटर जास्त पळतात, एवढंच. लिफ्ट (गाडी उंच करून घेणं) लागत नाही, स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी कुठं घासत नाही. २३५/७५ बसवा म्हणून मागं लागणारे मित्र भरपूर आहेत, पण ते चाक ७३३ मिमीचं, त्याला गाडी उचलावी लागते आणि १.५ लिटरच्या इंजिनाचा जीव केवढा.

गडबड रिममध्ये झाली. कंपनीचं रिम साडेपाच इंच रुंद, ऑफसेट (रिमची गाडीला टेकणारी बाजू मध्यापासून किती मिमी बाहेरच्या अंगाला ते) प्लस ५. मला दिलेलं ७ इंची, ऑफसेट शून्य. तेव्हा मला वाटलं रुंद म्हणजे भारी. घरी येऊन कागदावर मांडलं तर चाक प्रत्येक बाजूला २४ मिमी बाहेर आलेलं! दिसायला गाडी मस्त बसकी दिसते, पण पाऊस पडला की पुढचं चाक थेट दारावर चिखल फेकतं, आणि आपल्याकडचा चिखल म्हणजे काळी माती, वाळली की खरवडून काढावी लागते. बायको पांढरी साडी नेसून सिद्धेश्वराला निघाली होती, दार उघडलं आणि पुढचं काय ते समजून घ्या.

काळ्या रानात एटी टायरचा काय उपयोग होतो, याचं उत्तर ऑगस्टमध्ये मिळालं. शून्य. मंगळवेढ्याकडं मामाचं रान आहे, बांधापासून चाळीस-पन्नास फूट आत गेलो असेन, चारी चाकांचे लाडू झाले, नक्षी बिक्षी काय दिसेना. हवा १८ पर्यंत उतरवून बघितली, फोर एल (चारी चाकांना जोर, संथ गिअर) टाकून बघितलं, गाडी जागेवर बसून माती कालवायली. मामानं ट्रॅक्टर आणला आणि वर ऐकवलं, "ट्रॅक्टरचं पुढचं चाक बघ की किती बारकं असतंय, तू रुंद करून काय मिळवलास?" मला राग आला, पण मुद्दा बरोबर होता. असल्या चिकट मातीत बारीक टायर निदान रुतून खालची घट्ट जमीन तरी पकडतो.

मग थरथर. ८० च्या पुढं स्टिअरिंग हातात नाचायचं. दोन महिने टायरला शिव्या घातल्या, तीनदा बॅलन्सिंग केलं, दरवेळी तेच. शेवटी अक्कलकोट रोडला एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं चाक काढून व्हर्नियर लावला. हब (चाक ज्यावर बसतं तो मधला गोल) १०८ मिमीचा, अलॉयचं मधलं भोक ११० चं, आणि मधली रिंग बसवलेलीच नव्हती! म्हणजे चाक हबवर टेकतच नव्हतं, नुसत्या नटांच्या भरवशावर होतं. चार रिंगांचे ६०० रुपये आणि थरथर गायब. टायर बिचारा निर्दोष निघाला.

आता ज्याच्यामुळं हे लिहायला बसलो ते, नट. या अलॉयची नटाची भोकं एवढी अरुंद की गाडीबरोबर येणारा १९ चा पाना आत जातच नाही. म्हणून दुकानातून बारीक, दात्यांचे वीस नट आणि एक छोटी चावी मिळते, ती आधी नटावर बसवायची मग तिच्यावर पाना. चावी एकच. आणि दुकानातल्या पोरानं हवेच्या गननं नट असे आवळले की बस. १०० न्यूटन-मीटर पुरतं या गाडीला, त्या गननं किती लागलं देवाला ठाऊक.

जानेवारीत मामाकडं हुरडा होता. मालदांडीचा हुरडा, शेंगाचटणी, गूळ, सगळं निवांत. येताना रानातून गाडी काढली आणि तुरीचं धसकट मागच्या टायरच्या बगलेत घुसलं. बगलेला पंक्चर निघत नसतंय, स्टेपनीच लावायची. ते कळलं बेगमपूरच्या अलीकडं, रात्री साडेनऊला. चार नट निघाले. पाचव्याला चावी फिरली आणि चावीचे दातेच गेले. मागच्या सीटवर पोरगी झोपलेली, बायको काही बोलत नव्हती, आणि ते जास्त वाईट. तासाभरानं मोटारसायकलवर एक पंक्चरवाला आला, टॉर्च मारून म्हणाला, "मालक, चावी कुठाय?" मी दाखवली. तो नुसता हसला. जुनं सॉकेट नटावर ठेवलं, हातोड्यानं ठोकून बसवलं आणि लांब पाइप लावून काढलं. सॉकेट धरून ५०० घेतले, आणि मी एक रुपया घासाघीस केली नाही, जे माझ्या स्वभावात बसत नाही.

स्टेपनी जुन्या १९५ ची, चार नटांवर बसवली. परिघात ३३ मिमीचा फरक, म्हणून टू एच (फक्त मागच्या चाकांना जोर) मध्येच, ४० च्या वर न जाता सोलापूर गाठलं. डांबरावर असल्या जोडीनं फोर एच (चारी चाकांना जोर) टाकू नका, ट्रान्सफर केसचं (पुढं-मागं जोर वाटणारा गिअरबॉक्स) वाटोळं होईल. कंपनीचे वीस नट तेव्हा घरी माळ्यावर डब्यात होते.

इथपर्यंत फेब्रुवारीत लिहून ठेवलेलं, रागात. आता मे संपत आलाय तर थोडं बदलतो. तेच २१५ चे टायर मी जुन्या साडेपाच इंची लोखंडी डिस्कवर चढवले (चालतात, या साईजला साडेपाच ते सात इंच रिम चालतं), फाटलेल्याच्या बदली एक आणि स्टेपनीला एक असे दोन नवीन घेतले, म्हणजे पाचवं चाक शेवटी घेतलंच. कंपनीचे नट, कंपनीचा पाना. दारावर चिखल फेकणं कमी होईल असं वाटतंय, पाऊस आला की कळेल. मुरमाड रस्त्यावर, दगडगोट्यात, ४३ डिग्रीत हे टायर एक नंबर आहेत, हिप्परग्याच्या मागच्या माळावर दर रविवारी घालतो, एकदा पण घसरले नाहीत. मायलेज १५ वरून साडेतेरावर आलं, ते गिळलं.

अलॉय गॅलरीत पडलेत, त्यावर शेंगा वाळत असतात. विकायला टाकलेत १४,००० ला. मागच्या रविवारी होटगी रोडवरून एकजण बघायला आला, चाकं आवडली त्याला, मग विचारलं, "नटाची चावी आहे ना?" मी गाडीचा खण उघडून ते सॉकेट दाखवलं, आत नट अजून तसाच अडकलेला. चहा पिऊन गेला, परत फोन नाही.