कोल्हापुरी बोली जपायची तर कुठं साठवायची? व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, युट्यूब का विक्शनरी

गावाकडचे शब्द गोळा करायचं ठरलं की पहिल्यांदा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो आणि ते बरोबरच आहे, कारण म्हातारी माणसं तिथंच सापडतात. त्यांना टाइप करायला लावलं की पुस्तकी मराठी लिहितात, पण माइकचं बटण दाबून बोला म्हटलं की खरी बोली सुटते. गुऱ्हाळावरच्या गुळव्याला विचारा, काहिलीवरची (रस उकळायच्या मोठ्या कढईवरची) मळी कधी काढायची, चुलवाणात (तिच्याखालच्या भट्टीत) चिपाड (उसाचा चोथा) किती सारायचं, पाक वाफ्यात कधी ओतायचा, दोन मिनिटांत तो जे सांगंल ते शब्दकोशात एका जागी मिळायचं नाही. आणि आपल्याकडच्या बायका 'मी आलो, मी जातो' म्हणत्यात, ते नुसतं लिहून ठेवलं तर परक्याला वाटणार गडीच बोलतोय, म्हणून आवाज पाहिजेच.

पण ग्रुपमध्ये १०२४ च्या वर माणसं बसत नाहीत, बाहेरच्याला काही दिसत नाही, आणि मोबाइल बदलताना बॅकअप राहिला की सगळं गेलं.

फेसबुक ग्रुप चर्चेला भारी. एक शब्द टाका, कागलचा एक सांगतो, शिरोळचा दुसरं, चंदगडची तर बोलीच निराळी, आणि हाच फरक तर आपल्याला पाहिजे असतो. फक्त जुनी कमेंट परत शोधायला गेलं की जीव मेटाकुटीला येतो. शिवाय जागा कंपनीची, ऑर्कुट २०१४ ला बंद झालं, गुगल प्लस २०१९ ला, तिथल्या गप्पा तिथंच संपल्या.

युट्यूब माणूस आणि काम दोन्ही दाखवायला चांगलं, पण कुठल्या मिनिटाला काय आहे हे खाली लिहिलं नाही तर शब्द सापडत नाही.

माझं मत विचाराल तर कायमचं ठेवायला विक्शनरी, म्हणजे कुणालाही भर घालता येणारा ऑनलाइन शब्दकोश, आणि विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे फोटो-आवाजाच्या फाइलींचं खुलं कोठार. लिंग्वा लिब्रे नावाचं टूल आहे, शब्दांची यादी द्यायची, एकेक वाचत जायचं, ते तुकडे करून कॉमन्सवर चढवतं, मग ती फाइल विक्शनरीतल्या शब्दाला जोडता येते. शिकायला थोडा वेळ जातो आणि गप्पांची मजा तिथं अजिबात नाही, हे खरंय. लोकांचे आवाज गोळा करणाऱ्या मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्येही मराठी आहे, पण तिथं मुख्यतः समोर आलेलं वाक्य वाचायचं असतं, त्यामुळं आपला हेल जाईल, आपली वाक्यं फारशी जाणार नाहीत.

तर बोलतं करायला व्हॉट्सअ‍ॅप ठेवा आणि दर महिन्याला त्यातलं निवडून कॉमन्सवर न्या. एकट्याचं काम असंल, वेळ कमी असंल तर बाकी सगळं सोडून थेट लिंग्वा लिब्रे. मात्र आज्जीचा आवाज चढवायच्या आधी तिला नीट समजावून विचारा, कारण कॉमन्सवरचं कुणीही वापरू शकतं, धंद्यासाठीसुद्धा, आणि एकदा दिलेली परवानगी मागं घेता येत नाही. फाइलबरोबर गाव, तालुका, बोलणाऱ्याचं अंदाजे वय, काम आणि रेकॉर्डिंगचं साल लिहा, नाव नसलं तरी चालतंय.